कोकणातल्या घरासाठी ड्रिल मशीन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"ड्रिल घ्यायचंय, कुठलं घेऊ?" असं कोणी विचारलं की पहिला उलटा प्रश्न असतो, भिंत कसली आहे? कारण व्हिडिओत जे दाखवतात ते बहुतेक विटेच्या नाहीतर काँक्रीटच्या भिंतीवर असतं, आणि आपल्याकडे रायगडच्या खालच्या टोकापासून सावंतवाडीपर्यंत बरीच घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, त्यात खाऱ्या हवेने गंजणारे स्क्रू, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती आणि संध्याकाळी खाली जाणारं व्होल्टेज. म्हणून हे प्रश्न इथल्या घरांच्या हिशोबाने लिहिलेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

पहिलंच ड्रिल घेतोय, घरातल्याच कामाला. कुठलं घेऊ?

वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल (फिरता फिरता ठोकेही मारणारं), 13 मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारं तोंड, बिट म्हणजे भोक पाडणारी काडी), 600 वॉटच्या आसपास. त्यात चार गोष्टी बघून घ्या: हॅमर, म्हणजे ठोके, चालू-बंद करायचं बटण, ट्रिगर जेवढा दाबू तेवढा स्पीड, रिव्हर्स, आणि बाजूला धरायचा जास्तीचा दांडा. चांगल्या कंपनीचं असं मशीन साधारण 2000 ते 3500 रुपयांत मिळतं. त्याहून महाग घेऊन घरातल्या कामात फरक पडत नाही, उरलेले पैसे बिट आणि स्क्रूवर घाला, तिथे खरा फरक पडतो. आणि हो, शंभर-सव्वाशे नगांची पेटी फुकट मिळतेय म्हणून मशीन निवडू नका, त्यातले बिट दोन-चार भोकांत बोथट होतात आणि मग लोक मशीनला नावं ठेवतात.

"चिऱ्याक होल मारूचो, हॅमर लावू की नको?"

नको. हॅमर बंद ठेवा. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

कारण सांगतो. चिरा म्हणजे जांभा दगड, लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरलेला, त्यातल्या लोखंडामुळे तो लाल. 1807 मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने केरळात अंगडीपुरमजवळ हा दगड बघून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. खाणीतून काढताना मऊ असतो, तासता येतो, उघड्यावर राहिला की कडक होतो, पण आतून तो सगळा छिद्राछिद्रांचा असतो. एका बोटावर लोखंडासारखी कडक गाठ आणि तिच्या शेजारी पिवळट मातीचा मऊ कप्पा. हॅमर लावला की छिद्रांमधल्या पातळ भिंती आतल्या आत फुटतात, 8 मिमीचं भोक तोंडाशी 12-13 मिमी होतं आणि मग गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवायचा प्लास्टिकचा तुकडा) त्यात नुसती फिरत राहते. साध्या फिरवण्याने चिरा आरामात कापला जातो, नवीन मेसनरी बिट (भिंतीसाठीचा) असला तर जोरही लावावा लागत नाही.

पद्धत अशी, की मध्यम स्पीड ठेवायचा, मशीन सरळ धरायचं, रेटायचं नाही, आणि दर सेंटिमीटरभर आत गेलं की बिट बाहेर काढून भुकटी झाडायची. पावसाळ्यात भिंत ओली असेल तर भुकटीचा लाल चिखल होतो आणि बिटच्या खाचा भरून बसतात, मग बिट फिरतोय पण पुढे जात नाही आणि नुसता तापतोय असं होतं. अशा वेळी जास्त वेळा बाहेर काढा, नाहीतर काम सरळ दिवाळीनंतर ढकला, कोणी मागे लागलं नसेल तर.

गिलावा असेल तरी हॅमर बंदच. चिऱ्यावरचा जुना गिलावा हादऱ्याने पापुद्र्यासारखा सुटतो आणि मग भोकापेक्षा डागडुजीच मोठी होते.

भोक दगडात घ्यायचं की सांध्यात?

दगडात, आणि दगडाच्या मध्याकडे. कडेपासून निदान दोन इंच आत. सांध्यातलं सिमेंट दगडापेक्षा कडक असतं त्यामुळे बिट त्यावरून घसरून चिऱ्यात शिरतो आणि भोक तिरकं होतं. जुन्या घरात सांधे मातीचे नाहीतर चुन्याचे असतील तर उलट, तिथे काहीच धरत नाही. आता आतून गिलावा आहे, सांधा कुठाय कळणार कसा? बऱ्याच घरांना बाहेरून गिलावा नसतो, फक्त सांधे भरलेले असतात. बाहेर जाऊन खिडकीच्या कोपऱ्यापासून टेपने माप घ्या आणि तेच आत येऊन मांडा.

गिट्टी सैल बसते, स्क्रू पिळला की सगळंच बाहेर येतं. काय करायचं?

आधी हे बघा की बिट आणि गिट्टी एकाच मापाची आहे का. 6 ची गिट्टी असेल तर बिट 6 चा, 8 ला 8 चा. चिरा फार मऊ लागला तर बिट अर्धा-एक मिमी लहान घ्या आणि गिट्टी हातोडीने हळूहळू ठोकून बसवा. गिट्टी लांब घ्या, चिऱ्यात लांबी कामाला येते, जाडी नाही, आणि गिलाव्याची जाडी हिशोबातून वजा करा, कारण गिलाव्यात बसलेला भाग वजन धरत नाही. भोक गिट्टीपेक्षा सेंटिमीटरभर खोल हवं आणि आतली भुकटी फुंकून काढलेली हवी. फुंकताना डोळे मिटा, किंवा जुना सायकलचा पंप वापरा.

हलक्या वस्तूला, म्हणजे फोटो, घड्याळ, कॅलेंडर वगैरे, सैल भोकात माचिसच्या काड्या कोंबून चालतं, सगळे तेच करतात. गीझर, बेसिन, टीव्हीच्या स्टँडला ते चालत नाही. 15 लिटरच्या गीझरमध्ये पाणीच 15 किलो असतं, वर टाकीचं वजन वेगळं. तिथे दोन पर्याय. एक, केमिकल अँकर, म्हणजे ट्यूबमधून भोकात भरायचं रेझिन, जाळीच्या नळीसकट, ते चिऱ्याच्या छिद्रांत शिरून घट्ट धरतं. दुसरा जुना आणि मला जास्त पटणारा, भिंतीच्या आरपार भोक पाडून लांब बोल्ट घालायचा आणि पलीकडून लोखंडी पट्टी आणि नट. बाहेरून दिसायला बरं नाही दिसत, पण भिंत जाईल तेव्हाच गीझर जाईल. बाहेरच्या बाजूने भोक सिलिकॉनने बंद करायचं आणि भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवायचा, नाहीतर पावसाचं पाणी बोल्टवरून चालत आत येतं.

चिऱ्यात मस्त भोक पडतं, पण पडद्याच्या रॉडला खिडकीवर भोक मारायला गेलो तर बिट हलतच नाही!

तिथे लिंटल आहे, काँक्रीट. खिडकी-दाराच्या वरचा पट्टा, बीम, कॉलम, स्लॅब, सगळं आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट. इथे मात्र हॅमर चालू करा. 6 मिमीची दोन-चार भोकं इम्पॅक्ट ड्रिलने होतात, वेळ लागतो, कानठळ्या बसतात, पण होतात. 10-12 मिमीची भोकं किंवा डोक्यावर स्लॅबमध्ये भोकं घ्यायची असतील तर रोटरी हॅमर आणा.

दोघांत फरक काय असं नेहमी विचारतात. इम्पॅक्ट ड्रिलच्या आत दातेरी दोन चकत्या एकमेकींवर घासून उड्या मारतात, मिनिटाला हजारो बारीक ठोके पडतात पण प्रत्येक ठोक्यात दम नसतो, आणि तुम्ही जेवढं रेटाल तेवढाच तो ठोका लागतो. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबावर पिस्टन चालतो, ठोके त्या मानाने कमी, पण एकेक ठोका दोन-तीन ज्यूलचा. त्यामुळे मशीन रेटावं लागत नाही, नुसतं धरायचं. त्याचे बिट वेगळे, एसडीएस प्लस म्हणतात, मागच्या 10 मिमीच्या दांड्याला खाचा असतात. साध्या ड्रिलचे बिट त्यात बसत नाहीत आणि त्याचे ह्यात बसत नाहीत, दुकानात नीट बघून घ्या.

मग रोटरी हॅमरच घेऊन टाकू का, सगळंच होईल?

घर बांधताय किंवा मोठं काम काढलंय तर घ्या. एरवी भाड्याने आणा किंवा ओळखीच्या वायरमनकडून एक दिवसासाठी मागून घ्या. लाकडात आणि पत्र्यात ते जड पडतं, आणि चिऱ्यात कोणीतरी चुकून हॅमरवर चालवलं की भोकाच्या जागी कोनाडा.

बिट आत जाता जाता एकदम थांबला, खणखण आवाज येतोय.

सळी लागली. रेटू नका, ते भोक सोडा आणि दीड-दोन इंच बाजूला सरका. स्लॅब-बीममधली सळी कापायची नसते हे सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. काँक्रीटच्या बांधकामाच्या आयएस 456 या भारतीय मानकात समुद्राकाठच्या उघड्या काँक्रीटला सळीवर 45 मिमी कव्हर (काँक्रीटचा थर) सांगितलंय, आणि जुन्या घरांत प्रत्यक्षात किती असतं ते गळणाऱ्या सज्ज्याखाली उभं राहून बघा. उघडं सोडलेलं भोक म्हणजे खाऱ्या हवेला सळीपर्यंत जायला रस्ता, सळी गंजली की फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडायला लागतात. चुकलेलं भोक त्याच दिवशी सिमेंटने किंवा इपॉक्सी पुट्टीने बुजवा.

कॉर्डलेस घेऊ की वायरवालं?

वीज जाते म्हणून कॉर्डलेस, असं बरेच जण म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आलं, त्यानंतर कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती आणि पत्रे तर तेव्हाच बसवायचे होते. अशा वेळी बॅटरीवालं मशीन हातात असलं की कळतं त्याची किंमत. पण बॅटरी चार्ज करायलाही वीज लागते, म्हणजे दोन बॅटऱ्या हव्यात, एकवाल्या पॅकचा मोह नको.

लाकूड, फर्निचर, स्क्रू, पत्रा, चिरा, एवढ्यासाठी 12 व्होल्टचं कॉर्डलेस पुरतं आणि शिडीवर चढून वापरायला फार सोपं. काँक्रीटला 18 व्होल्ट हवं, आणि तेही कुरकुरत. डब्यावर 20 व्होल्ट मॅक्स लिहिलेलं आणि 18 व्होल्टवालं ही दोन्ही मशीनं सारखीच, पाच सेल असतात, पूर्ण चार्ज असताना 20 भरतात आणि चालताना सरासरी 18 देतात. बघायचं ते व्होल्टसोबत अँपिअर-अवर, 18 गुणिले 2 म्हणजे 36 वॉट-अवर, तेवढी त्या बॅटरीत ताकद.

चाकरमान्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. घर गणपतीत उघडतं आणि मे महिन्यात, मधले महिने बॅटरी तशीच कपाटात पडून राहते. लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी ठेवलीत तर पुढच्या खेपेला चार्जच घेणार नाही. अर्धी चार्ज करून, मशीनमधून काढून, कोरड्या डब्यात ठेवा, किंवा सरळ मुंबईला परत न्या. वर्षातून दोनदा वापरणाऱ्याने वायरवालंच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, ते पडून राहिलं तरी रुसत नाही.

वॉट जास्त म्हणजे ड्रिल चांगलं का?

नाही. वॉट म्हणजे ते किती वीज खातं, काम किती करतं ते नाही. हातात धरून बघा, चक हलतोय का, ट्रिगर हळू दाबल्यावर मशीन खरंच हळू फिरतं का, आणि तुमच्या जवळच्या शहरात, चिपळूण-रत्नागिरी-कुडाळ-कणकवली जे असेल ते, त्याचा कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारा, झिजणारा तुकडा) मिळतो का. नाही मिळत तर ते मशीन कितीही स्वस्त असो, तुमच्यासाठी महाग आहे.

भोक पडतच नाही, नुसता धूर येतोय.

रिव्हर्सवर आहे. हसू नका, आधी ते बटण बघा. नसेल रिव्हर्सवर तर बिट चुकीचा किंवा बोथट.

बिट कुठले कुठले लागतात?

घरासाठी फार नाही. मेसनरीचे 6, 8 आणि 10, टोकाला कार्बाइडची चपटी चकती असते ते, भिंतीसाठी. एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) 3 ते 8 मिमीचे पाच-सहा, लोखंड-पत्रा-लाकूड तिन्हीला चालतात. लाकडाला खास मधे टोक असलेला बिट मिळतो, तो सरकत नाही, भोक सुबक पडतं. टाइलला भाल्याच्या पात्यासारखा एक. बस. बाकी लागेल तसं. मेसनरी बिट लोखंडात चालवू नका आणि एचएसएस भिंतीत तर अजिबात नको, एका भोकात त्याची धार जाते.

लोखंडात स्पीड कमी ठेवायचा, जोर जास्त, आणि दोन थेंब तेल. स्टेनलेस असेल तर आणखी हळू, कारण बिट न कापता नुसता घासला की ते कडक होतं आणि मग बिट वरच्यावर घासत बसतो.

बाथरूमची टाइल फुटते.

हॅमर बंद. जागेवर चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा म्हणजे बिट घसरणार नाही, अगदी हळू सुरुवात, टाइल पार झाल्यावरच पुढची भिंत. भिंतीवरची साधी सिरॅमिक टाइल भाल्याच्या बिटने होते, विट्रिफाइड असेल तर ती फारच कडक, डायमंड कोटेड बिट घ्या आणि पाण्याने ओलं करत करत जा. पाणी स्पंजने नाहीतर स्प्रेने, वायरवाल्या मशीनवर उडणार नाही असं. टाइलच्या अगदी कडेला भोक घेऊ नका, आणि दोन टाइलमधल्या फटीत जमत असेल तर तिथेच घ्या, पुढे नको असेल तर बुजवता येतं.

जुन्या घराचं लाकूड आहे, स्क्रू जातच नाही, डोकं तुटतं.

सागवान, फणस, ऐन, किंजळ, पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड, त्यात स्क्रू सरळ पिळला तर तो तुटणारच. आधी पायलट भोक पाडा. स्क्रूच्या आट्या सोडून मधली जी दांडी असते तेवढ्या जाडीचं, म्हणजे 4 मिमीच्या स्क्रूला साधारण अडीच ते तीन मिमी. स्क्रूला मेण किंवा साबण लावा. सागात सिलिका असते त्यामुळे बिटची धार लवकर जाते, फणसाला त्या मानाने सोपं जातं. आणि ऐनाच्या वाशाला भोक पाडताना घाई करू नका, धूर आला की थांबा. जुन्या दारांत लोखंडी खिळे आत लपलेले असतात, आधी चुंबक फिरवून बघितलं तर बिट वाचतो.

वाशाला वाळवी लागली असेल तर बिट लोण्यात गेल्यासारखा आत जाईल. तसं झालं तर टांगायचं काम तिथेच थांबवा आणि आधी सुताराला बोलवा.

ओटीवर झोपाळा टांगायचाय. किती मिमीचं भोक?

थांबा जरा. झोपाळा म्हणजे नुसतं वजन नाही, हलणारं वजन. तीन माणसं बसली, पोरांनी झोका चढवला, की कडीवर दर झोक्याला बसलेल्या वजनापेक्षा जास्त ओढ येते आणि ती सारखी येत राहते. प्लास्टिकची गिट्टी इथे विचारातच घेऊ नका. साधे ठोकायचे फास्टनरही (भोकात फुगून बसणारे लोखंडी बोल्ट) हादऱ्याने हळूहळू सैल होतात.

लाकडी तुळई असेल तर उत्तम, आरपार भोक, वर जाड वॉशर नाहीतर लोखंडी प्लेट, डबल नट. भोक तुळईच्या मध्यरेषेवर घ्या, कडेला नाही. 12 मिमीचा बोल्ट असेल तर आधी 5-6 मिमीचं भोक आणि मग ते मोठं करा. स्लॅब असेल तर हूक स्लॅब ओततानाच सळीला बांधून सोडलेला हवा, घर बांधत असाल तर आत्ताच ठेकेदाराला सांगून ठेवा. आधीच ओतलेल्या स्लॅबमध्ये करायचं असेल तर केमिकल अँकर, आणि ते काम ज्याला येतं त्याच्याकडूनच, घरच्या ड्रिलने प्रयोग नको. खाली आपलीच माणसं बसणार आहेत.

आणि गणपतीच्या माटवीचे हूक?

माटवी म्हणजे मूर्तीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, तिचं वजन लोक कमी धरतात. नारळ, सुपारीची शिपटं, तवशी, आंब्याचे टाळे, सगळं मिळून बऱ्यापैकी भरतं आणि ते पुढचे सगळे दिवस मूर्तीच्या बरोबर डोक्यावर. कौलारू घरात वाशांना दोरीने बांधतात तेच चांगलं, भोक हवंच कशाला. स्लॅबच्या घरात चार कोपऱ्यांना चार फास्टनर हूक, 8 किंवा 10 मिमीचे, रोटरी हॅमरने, आणि एकदाच करून टाका म्हणजे दरवर्षी तीच जागा. आदल्या रात्री नका करू. भोकांची धूळ सगळ्या मखरावर बसते.

पावसाळी शेडचे पत्रे स्वतः बसवता येतील का?

दोन माणसं असतील आणि उंचीची सवय असेल तर येतील. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घ्या, त्याच्या टोकालाच ड्रिल असतं, पत्रा आणि खालचा पाइप एकदमच भेदून जातो. खाली रबराचं वॉशर असतं, ते दबलं पाहिजे पण बाजूने फुगून बाहेर आलं म्हणजे जास्त पिळलंत, तिथे गळणार. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, पाणी वाहतं त्या खोलगटीत नाही. ड्रिलला क्लच असेल तर तो लावा, पुढे 1 ते 20 आकडे असतात ती रिंग, ठरावीक जोर आला की कटकट करून सुटते.

वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त कडांना आणि कोपऱ्यांना असते, पत्रा उचलला जातो तो तिथूनच. म्हणून कडेच्या ओळीत स्क्रू जवळजवळ मारा, मधे थोडे लांब चालतील. पत्र्यावर पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून टाका, एक पाऊस पडला की त्याचे गंजके ठिपके पडतात आणि तिथून पत्रा जायला सुरुवात होते.

स्क्रू दोन वर्षांत गंजून जातात.

समुद्राकाठी हे असंच. साधा पॉलिशवाला स्क्रू घराच्या आत ठीक, बाहेर नको. बाहेर स्टेनलेस वापरा, आणि त्यातही दोन प्रकार, 304 आणि 316. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं त्यामुळे मिठाला तो जास्त टिकतो. घर खाडीपासून, किनाऱ्यापासून आत असेल तर 304 पुरे, लाटेचे तुषार अंगणात येत असतील तर 316. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला साधा लोखंडी स्क्रू लावू नका, दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, लवकर खाऊन टाकतं.

भिंतीत वायर किंवा पाइप आहे का ते कसं कळणार?

स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक नको, नळाच्याही नको. वायरी बहुतेक उभ्या किंवा आडव्याच जातात. पण चिऱ्याच्या घरात जिथे दगड खोदायला सोपा गेला तिथून तिरक्या नेलेल्याही असतात, त्यामुळे शंका असेल तर मेन स्विच बंद करून बॅटरीच्या ड्रिलने करा. घर बांधताना गिलाव्याआधी मोबाइलवर सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवा, फुकटची गोष्ट आहे आणि आयुष्यभर उपयोगी पडते.

व्होल्टेज कमी असताना चालवलं तर चालेल?

230 च्या जागी 180-190 येत असेल तर मशीन हळू फिरतं, मग आपण जास्त रेटतो, मग ते तापतं. संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि टीव्ही चालू असतात तेव्हा नको, सकाळी किंवा दुपारी करा. एक्स्टेंशन बोर्डची वायर बारीक आणि लांब असेल तर अजून व्होल्टेज पडतं, 1.5 स्क्वेअर मिमीची वायर घ्या आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. घरच्या इन्व्हर्टरवर भिंतीचं काम करू नका, ओव्हरलोडची शिटी वाजेल. एखादं लाकडातलं भोक ठीक.

पावसात, ओल्या अंगणात वापरलं तर?

वायरवालं नको. सरळ नको. करायचंच असेल तर कॉर्डलेस, आणि तेही छपराखाली. घरात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर ड्रिल घ्यायच्या आधी ते बसवा. बऱ्याच ड्रिलला दोनच पिना असतात आणि लोक घाबरतात अर्थिंग नाही म्हणून, पण अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेटेड आहे, त्याला तिसरी पिन लागत नाही. ओल्या हाताने मात्र तेही नको.

हातमोजे घालायचे का?

फिरत्या ड्रिलजवळ सैल हातमोजे नाहीत, लुंगीचं टोक नाही, गळ्यातला टॉवेल नाही, मोकळे केस नाहीत. चष्मा हवा. डोक्यावर भोक घेताना तर हवाच. लाल धूळ नाकात जाते म्हणून मास्क किंवा फडकं, आणि काँक्रीटची धूळ जास्त वाईट, तिथे चांगला मास्कच. चकची चावी चकमध्येच विसरून ट्रिगर दाबायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती वायरच्या प्लगजवळ दोरीने बांधावी, म्हणजे प्लग काढल्याशिवाय चावी लागणारच नाही.

पावसाळ्यात चक जाम होतो, बिट गंजतात.

चार महिन्यांत 3000 मिमीच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात हे होणारच. काम झालं की बिट चकमधून काढून ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. शिलाई मशीनचं तेल फडक्याला लावून चक आणि बिट पुसा. खोबरेल नको, धूळ धरतं आणि वास मारतं. मशीन प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, कापडी पिशवीत ठेवलंत तर पिशवीच ओल धरते. आणि मे-जूनमध्ये बंद करून ठेवलेलं मशीन गणपतीत काढलंत की आधी अर्धा मिनिट नुसतं मोकळं चालवा.

आतून निळसर बारीक ठिणग्या दिसतात त्या नॉर्मल आहेत. मोठ्या नारिंगी ठिणग्या आणि जळका वास येत असेल तर कार्बन ब्रश संपलेत. जोडी बदलायची असते, एकच नाही, आणि खर्च फार नसतो.

पुरात भिजलेलं ड्रिल परत चालेल?

22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हापासून हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. प्लग लावून "बघूया चालतंय का" हे करू नका. वायरवालं असेल तर दुरुस्तीवाल्याकडे उघडून, गोड्या पाण्याने गाळ धुऊन, पूर्ण वाळवून, इन्सुलेशन तपासून घ्यायचं, बेअरिंग आणि ब्रश बहुतेक बदलावे लागतात, ग्रीस नवीन. मशीन स्वस्तातलं असेल तर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. बॅटरी भिजली असेल तर ती गेली असं धरा, चार्जला लावू नका, घरात ठेवू नका, नंतर कधीतरी आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते.

भोक चुकीच्या जागी पडलं. उघड्या चिऱ्याच्या भिंतीत ते दिसतंय.

भोक पाडताना खाली कागदाचं पाकीट उघडं करून चिकटपट्टीने भिंतीला लावा, लाल भुकटी सगळी त्यात जमते. तीच भुकटी चाळून त्यात थोडं पांढरं सिमेंट घाला, एक भाग सिमेंटला तीन भाग भुकटी, पाणी अगदी कमी, आणि ओल्या केलेल्या भोकात दाबून भरा. वाळल्यावर रंग थोडा फिका वाटला तर पुढच्या वेळी भुकटी वाढवा. गुळगुळीत करू नका, जुन्या टूथब्रशने वरून टोचून टोचून खडबडीत करा, म्हणजे चिऱ्यात मिसळून जातं.